डिप्रेशनच्या गोळ्या: गुण किती, सोसणं किती?

"ताई, यातली सगळ्यात चांगली कुठली?" चिठ्ठी पुढे करताना ती शिक्षिका इतक्या हळू बोलली की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागलं. चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम होतं, १० मिलिग्रॅमचं. मोबाईलवर तिनं एक बातमी उघडून ठेवली होती. डिप्रेशनच्या गोळ्यांनी वजन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, असं काहीसं त्यात होतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून ती 'डिप्रेशन' हा शब्द उच्चारतच नव्हती, नुसतं बोट ठेवून दाखवत होती.

ती बातमी खरी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. ३० औषधं, ५८ हजारांवर माणसं, आणि वजन, नाडी, रक्तदाब यांवर कुठल्या गोळीचा किती परिणाम होतो याची तुलना. आपल्याकडे त्यातलं 'वजन वाढतं' एवढंच फिरलं. त्यानंतरच्या महिन्याभरात मला हाच प्रश्न किती जणांनी विचारला, सांगता येणार नाही. काहींनी तर गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या.

बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. गोळी कुठली द्यायची हे डॉक्टर ठरवतात, मी नाही. पण चिठ्ठी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला आपण काय घेतोय आणि का घेतोय हे कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. 'सगळ्यात चांगली कुठली' या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. गोळीचा गुण किती येतो? आणि ती सोसते का? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी निघतात.

आधी गोळी करते काय ते पाहू

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते, आणि निरोप पोचतो. सेरोटोनिन हे अशा रसायनांपैकी एक. काम झालं की सोडणारी पेशी ते परत ओढून घेते.

मोरीत पाणी ओतलं की ते जाळीतून निघून जातं. जाळीवर फडकं पडलं तर पाणी थोडा वेळ साचून राहतं. सेरोटोनिनच्या परतीच्या वाटेवर असं फडकं टाकणाऱ्या गोळ्यांना एसएसआरआय म्हणतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या त्यातल्या. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या रसायनाचीही वाट अडवतात. मिर्टाझापिन आणि बुप्रोपिऑन यांची तऱ्हा निराळी. अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या पिढीच्या गोळ्या बऱ्याच ठिकाणी एकदम हात घालतात, म्हणून त्यांचा त्रासही चौफेर असतो.

हे सगळं सापडलं मात्र योगायोगानं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. टीबीवर काय व्हायचं ते झालं, पण महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली माणसं खुशीत आली, वॉर्डात नाचू लागली. त्याचे फोटो तेव्हा छापून आले होते. पुढे चारेक वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. तेही औषध आधी दुसऱ्याच मानसिक आजारासाठी वापरून पाहत होते. अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली ती १९८७ च्या डिसेंबरात.

इथे एक गाठ सोडवायला हवी. 'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं' असं सर्रास सांगितलं जातं. ते इतकं सरळ नाही. गोळी घेतल्यावर परतीची वाट काही तासांतच अडते, पण मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती कमतरता भरून काढायची असती तर एवढा वेळ लागला नसता. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कमतरतेच्या कल्पनेला ठोस आधार मिळाला नाही. त्यावरून 'म्हणजे गोळ्याच खोट्या' असं अनेकांनी जाहीर करून टाकलं. पण पॅरासिटामॉलनं ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेनं आला होता असं आपण म्हणतो का? गोळीनं गुण का येतो हा एक प्रश्न, आणि येतो का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर माणसांना गोळ्या देऊनच शोधावं लागतं.

'गुण आला' हे ठरवतात कसं?

बीपी मोजायला यंत्र आहे, साखरेला रक्ताची तपासणी आहे. उदासी मोजायला प्रश्नावली लागते. सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली १९६० साली मॅक्स हॅमिल्टन यांनी बनवली. १७ मुद्दे, मिळून ० ते ५२ गुण. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात मन लागतं का, जगण्याचा कंटाळा येतो का. आकडा जितका मोठा तितका आजार जास्त. तो निम्म्यावर आला की 'प्रतिसाद मिळाला' असं धरतात.

आता चाचणी. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. या बिनऔषधी गोळीला प्लासिबो म्हणतात. कुणाला काय मिळालं हे रोग्यालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही. ढोबळमानानं असं दिसतं की प्लासिबोवरच्या १०० जणांपैकी ३५ ते ४० जणांचा आकडा निम्म्यावर येतो. खऱ्या गोळीवर साधारण ५० जणांचा येतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी जरा खट्टूच झाले होते. म्हणजे शंभरात दहा-पंधराच जास्त? पण प्लासिबोवाल्यांना काहीच मिळालं नव्हतं असं नाही. त्यांना कुणीतरी नीट तपासलं, दर आठवड्याला बसवून विचारपूस केली, आशा दिली, आणि काळही गेला. डिप्रेशनची लाट काहींच्या बाबतीत आपोआपही ओसरते. या सगळ्याच्या वर औषधानं जे केलं, ते हे दहा-पंधरा.

सरासरीत मोजलं तर ५२ पैकी जेमतेम २ गुणांचा फरक पडतो. टीकाकार नेमका हाच आकडा पुढे करतात, आणि तो चुकीचा नाही. पण सरासरीत कुणाचे पंधरा गुण उतरलेले असतात आणि कुणाचा एकही नाही. दुकानात मला ही दोन्ही माणसं भेटतात.

२१ पैलवान, ५२२ चाचण्या

आता गोळ्यांची आपापसात तुलना. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र केल्या. एकूण माणसं १,१६,४७७. डिप्रेशनच्या औषधांच्या तुलनेचा एवढा मोठा खटाटोप आधी झाला नव्हता.

अडचण अशी की प्रत्येक गोळीची प्रत्येक गोळीशी समोरासमोर चाचणी झालेलीच नसते. मग तुलना करायची कशी? कुस्तीशौकिनांना हे चटकन कळेल. खासबागेत एका पैलवानानं दुसऱ्याला चितपट केलं. त्या दुसऱ्यानं सांगलीत तिसऱ्याला लोळवलं. पहिला आणि तिसरा कधीच भिडले नाहीत, तरी कोण भारी याचा अंदाज आपण बांधतोच. शेकडो कुस्त्यांचे निकाल असे एकमेकांशी जोडत गेलं की यादी तयार होते. अंदाज तो अंदाजच, पण जितक्या कुस्त्या जास्त तितका तो पक्का.

निकाल काय लागला? एकवीसच्या एकवीस गोळ्या प्लासिबोपेक्षा सरस ठरल्या. सर्वांत वर अॅमिट्रिप्टिलिन, म्हणजे १९६०च्या दशकातली जुनी गोळी. तळाशी रीबॉक्सेटिन. समोरासमोरच्या चाचण्यांत एस्सिटालोप्राम, मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, अॅगोमेलाटिन, व्होर्टिऑक्सेटिन ही जरा पुढे दिसली, फ्लुव्हॉक्सामिन आणि ट्रॅझोडोन मागे. पण मधल्या बहुतेक गोळ्यांचे आकडे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की अमुक तमुकपेक्षा भारी असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली होती, आणि मला ती जास्त मोलाची वाटते: किती जणांनी औषध अर्ध्यात सोडलं. जुन्या पिढीच्या क्लोमिप्रामिनवर तर प्लासिबोपेक्षाही जास्त लोकांनी चाचणी सोडली. फ्लुओक्सेटिन आणि अॅगोमेलाटिनवर प्लासिबोपेक्षा कमी लोकांनी. पोटात टिकतच नसेल तर यादीतला पहिला नंबर काय कामाचा?

मग फरक पडतो कुठे? सोसण्यात

ऑक्टोबर २०२५ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. साधारण आठ आठवड्यांच्या उपचारानंतर वजनातला फरक बघा: अॅगोमेलाटिनवर सरासरी २.४ किलोनं कमी, मॅप्रोटिलिनवर १.८ किलोनं जास्त. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार किलो. नाडीत फ्लुव्हॉक्सामिन आणि नॉरट्रिप्टिलिन यांच्यात मिनिटाला २१ ठोक्यांचा फरक. वरच्या रक्तदाबात नॉरट्रिप्टिलिन आणि डॉक्सेपिन यांच्यात ११ अंकांचा. गुणाच्या यादीत सगळे खेटून उभे होते, इथे ही एवढी तफावत. आणि बातमीत जे राहून गेलं ते हे: वजन, नाडी, रक्तदाब यांवर सर्वांत कमी परिणाम करणाऱ्यांत आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या एसएसआरआयच बऱ्याचशा आहेत. अर्थात आठ आठवडे म्हणजे फार थोडा काळ. माणसं या गोळ्या वर्षभर, कधी पाच वर्षंही घेतात, आणि वजन सावकाशच वाढतं.

एसएसआरआयचा नेहमीचा त्रास पहिल्या पंधरवड्यात होतो. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, हातपाय शिवशिवल्यासारखे होणं, झोप मोडणं. आमच्याकडे लोक म्हणतात, "गोळी गरम पडली." आणि पाचव्या दिवशी उरलेलं पाकीट परत घेऊन येतात. नेमकी हीच वेळ वाईट असते, कारण त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. बहुतेकांची मळमळ दोन आठवड्यांत जाते. जेवणानंतर घेतल्यानं, किंवा डॉक्टरांनी आधी अर्धी गोळी देऊन सुरुवात केल्यानं बरंच निभतं.

दुसरा त्रास काउंटरवर कुणीच बोलत नाही. लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं, काहीच न वाटणं. एसएसआरआय आणि व्हेन्लाफॅक्सिनवर हे पुष्कळ जणांना होतं, बायकांनाही होतं. मिर्टाझापिन, बुप्रोपिऑन, अॅगोमेलाटिनवर बरंच कमी. काही थोड्या जणांत गोळी बंद केल्यावरही तो राहू शकतो, हे युरोपच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये मान्य केलं. लाजेपोटी कुणी सांगत नाही, डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत, आणि एक दिवस माणूस गोळी सोडून देतो. काहींना मन बधिर झाल्यासारखंही वाटतं, रडू येत नाही तसं हसूही येत नाही. या दोन्ही गोष्टी २०२५ च्या अभ्यासात मोजलेल्याच नाहीत.

म्हणून 'चांगली गोळी' माणसागणिक बदलते. भूक मेली आहे, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, वजन उतरलंय, अशा माणसाला मिर्टाझापिननं झोपही लागते आणि जेवणही जातं. तीच गोळी मधुमेह असलेल्या, आधीच वजनदार माणसाला नकोशी. पहाटे शाळेची व्हॅन काढणाऱ्या ड्रायव्हरलाही ती सुस्ती परवडणार नाही. बुप्रोपिऑननं वजन वाढत नाही, पण ज्याला फिट येतात त्याला ते देत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन मोठ्या डोसला बीपी वाढवू शकतं. अंगदुखीही सोबत असेल तर ड्युलॉक्सेटिनचा विचार होतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालिन देतात, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. अॅमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवी अडते. शिवाय जुन्या पिढीच्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर जिवावर बेततं. म्हणून गुणाच्या यादीत ती पहिली असली तरी डिप्रेशनसाठी आज बहुतेक डॉक्टर तिच्यापासून सुरुवात करत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट मला तळमळीनं सांगायची आहे. एका आजोबांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. त्यात एसएसआरआय सुरू झाली. दोन आठवड्यांत ते घोटाळल्यासारखे बोलू लागले, चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं, वय झालं, किंवा उदासीच वाढली. रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलं होतं. साठीनंतर, विशेषतः लघवीची गोळी सोबत असेल तर, हा धोका खरा आहे आणि साध्या रक्ततपासणीत तो कळतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत डॉक्टरांना सोडियमबद्दल जरूर विचारा.

दुसऱ्या औषधांशी भांडणंही असतात. गुडघेदुखीसाठी आपण आपल्या मनानं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. एसएसआरआयबरोबर ते नेहमी घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक डिप्रेशनच्या गोळीसोबत आलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर साचून ताप, थरथर, प्रचंड अस्वस्थता येऊ शकते. लिनेझोलिड आपल्याकडे औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर देतात. सी व्ह्यूच्या रोग्यांना नाचवणारं इप्रोनियाझिड मेंदूतल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवायचं, त्यालाच लिनेझोलिडही थोडंफार अडवतं. टीबीच्या आणि डिप्रेशनच्या उपचारांची गाठ सत्तर वर्षांनी अशी पुन्हा पडते. दोन डॉक्टर असतील तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही सांगा, पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन त्याचा परिणाम कमी करू शकतात.

"पण चाचण्या तर कंपन्याच करतात"

शंका रास्त आहे. एरिक टर्नर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत काम केलेले डॉक्टर. २००८ मध्ये त्यांनी १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची सरकार दरबारी असलेली नोंद काढली आणि छापून काय आलं याच्याशी ती ताडून पाहिली. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूनं होता, त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ यश मिळाल्यासारख्या रंगवून छापल्या, आणि ३ जशाच्या तशा. वाचणाऱ्याला वाटावं की जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी झाली. ही लपवाछपवी होती आणि तिच्याबद्दल राग यायलाच हवा. चिप्रियानींनी म्हणूनच न छापलेल्या चाचण्याही खणून काढल्या. त्या धरूनसुद्धा गोळ्या प्लासिबोच्या वर राहिल्या, पण कंपन्या भासवत होत्या त्यापेक्षा कितीतरी कमी उंचीवर.

"एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणे"

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. व्यसन म्हणजे आज एक, महिन्यानं दोन, नाही मिळाली तर तळमळ. एसएसआरआयचं तसं होत नाही. पण एकदम बंद केल्या तर शरीर कुरकुर करतं. चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा गोळी थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास दिसला, प्लासिबो थांबवल्यावर १७ टक्क्यांना. म्हणजे गोळीमुळे झालेला त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास शंभरात तिघांना. यातही गोळीगणिक फरक आहे. फ्लुओक्सेटिन शरीरातून निघायला आठवडे लागतात, त्यामुळे ते स्वतःच हळूहळू उतरतं. व्हेन्लाफॅक्सिनचा एखादा दिवस चुकला तरी काहींना जाणवतं, पॅरोक्सेटिनही त्रास देणारं.

सवयीची भीती लोकांच्या मनात बसली ती मुख्यतः झोपेच्या गोळ्यांमुळे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय खरोखर लागते. आणि आपल्याकडे एस्सिटालोप्राम व क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली पाकिटं भरपूर खपतात. सुरुवातीचे दोन-चार आठवडे बेचैनी कमी करायला ती दिलेली असते, पण माणूस तीच चिठ्ठी दाखवत वर्षभर घेत राहतो. मग बंद करायला गेला की जो त्रास होतो त्यात क्लोनाझेपामचा मोठा वाटा असतो, आणि दोष जातो डिप्रेशनच्या गोळीला. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. दोन औषधांची नावं असतील तर पुढच्या भेटीत विचारा, यातलं दुसरं किती दिवस घ्यायचं?

तरुण मुलं, आणि पहिले काही आठवडे

२००४ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं मुलांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. सुरुवातीच्या काळात काहींच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. मोठ्या वयात असं वाढलेलं दिसलं नाही, पासष्टीपुढे तर उलट कमी. म्हणून तरुण मुलांना गोळी द्यायचीच नाही असा याचा अर्थ नाही, पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहायचं, आणि डोस बदलला की पुन्हा तितकंच लक्ष ठेवायचं. पूर्वी कधी अती उत्साहाचे, न झोपता धडाधड खर्च करण्याचे दिवस येऊन गेले असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. बायपोलर आजारात नुसती डिप्रेशनची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

"गोळी न घेता नाही का जमणार?"

आजार हलका असेल तर बऱ्याचदा जमतं, आणि तिथे गोळीआधी बोलण्याचा उपचार सुचवतात. याचा एक सुरेख पुरावा आपल्या शेजारचा, गोव्यातला आहे. 'संगथ' संस्था आणि विक्रम पटेल यांच्या गटानं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या लोकांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं. सहा ते आठ बैठका. सुटलेली कामं हळूहळू पुन्हा धरायची, माणसांत मिसळायचं, अडचणी एकेक करून सोडवायच्या. २०१७ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक बरे झाले, केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्यांत ३९ टक्के. हे रोगी मध्यम ते तीव्र डिप्रेशनचेच होते. असे समुपदेशक प्रत्येक तालुक्याला मिळाले तर आमच्या दुकानातल्या किती चिठ्ठ्या कमी होतील, हा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही, ज्याला जगणंच नको झालंय, त्याला 'जरा माणसांत मिसळ' सांगून भागत नाही. तिथे गोळी आणि बोलणं दोन्ही लागतं.

पहिली गोळी लागू पडली नाही तर

अमेरिकेत 'स्टार-डी' नावाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे चार हजार रोग्यांना आधी सिटालोप्राम दिलं. पूर्ण बरं झालं ते साधारण तिघांत एक. बाकीच्यांना दुसरं औषध, मग तिसरं, चौथं. चार पायऱ्यांनंतर ६७ टक्के बरे होतात, असं २००६ मध्ये सांगितलं गेलं. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच कच्चा माल मूळ नियमांनी तपासला, तर आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास निघाला. वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र दोन्हींतून दिसतं की पहिलं औषध लागू न पडणं फार नेहमीचं आहे. त्यात रोग्याची चूक नाही, डॉक्टरांचीही नाही.

आणि गुण येत नाही म्हणून दोन गोळ्या घेऊ? नेहमीच्या सर्वांत छोट्या डोसलाच सेरोटोनिनच्या परतीच्या सुमारे ८० टक्के वाटा अडलेल्या असतात. डोस दुप्पट केला तर उरलेल्या वीसमधल्या थोड्या आणखी अडतात, मळमळ मात्र वाढते. डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरच बघून ठरवतील.

बरं वाटतंय, आता थांबवू?

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायला सांगतात, पुन्हा पुन्हा झाला असेल तर त्याहून जास्त. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या, आता बऱ्या असलेल्या ४७८ जणांवर चाचणी झाली. वर्षभरात ज्यांची गोळी थांबवली त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना. थांबवूनही शंभरात चव्वेचाळीस जण ठीक राहिले. आपण कुठल्या बाजूला पडू हे आधी सांगता येत नाही, म्हणून थांबवायचं ते घरात आजारपण, लग्नकार्य, बदली असली धावपळ नसताना.

थांबवताना शेवटचा टप्पा सर्वांत अवघड जातो, हे मोरीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. छोट्या डोसलाच ८० टक्के वाटा बंद असतील, तर वीसवरून दहावर आल्यानं फारसं काही बदलत नाही, पण पाचवरून शून्यावर आल्यावर सगळं फडकं एकदम निघतं. म्हणून खाली येताना पायऱ्या लहान लहान करत न्यायच्या.

त्या शिक्षिकेला पाचव्या दिवशी मळमळ झालीच. ती पाकीट परत द्यायला आली होती, मी तिला दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांनी आठवडाभर अर्धी गोळी, दुपारच्या जेवणानंतर, असं करून दिलं. नंतर ती दर महिन्याला येत राहिली. आता डॉक्टरांनी उतरवायला घेतलंय. परवा तिनं मोबाईलमध्ये घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. मागच्या महिन्याच्या चौकटींत पूर्ण गोल, या महिन्यात अर्धे, पुढच्या महिन्यात पाव. दोन चौकटींत तिनं पेन्सिलीनं 'चक्कर' लिहिलं होतं आणि त्यापुढे, 'संध्याकाळी ठीक'.

"पाव कशी करायची हो ताई?" तिनं विचारलं. मागे गिऱ्हाइकं होती, पण आवाज नेहमीचा होता. मी तिला गोळी कापायची प्लास्टिकची डबी काढून दिली.